जखमेचा फोटो आणि एआय ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाची जखम महिनोन्‌महिने भरत नसेल, तर ड्रेसिंग करणाऱ्याच्या मनात रोज एकच प्रश्न असतो: परवापेक्षा बरी आहे की बिघडली? फोनचा कॅमेरा आणि एआय वापरून याचं उत्तर देणारी ॲप्स आता परिचारिकांच्या आणि नातेवाइकांच्याही हातात आली आहेत. त्यांच्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे घेतलं आहे. माझं मत आधीच सांगते. मोजमाप आणि नोंद यासाठी ही ॲप्स खरोखर कामाची आहेत. पण जखम का भरत नाही हे फोटोत दिसत नाही, आणि उपचार ठरतात ते त्या कारणावरून.

ॲप उघडत बसूच नये, अशी वेळ कोणती?

जखमेभोवतीची लाली बघता बघता पसरते आहे, जखमेपासून वर लाल रेघ चढते आहे, थंडी वाजून ताप आला आहे, रुग्ण असंबद्ध बोलतो आहे, पाय अचानक थंड किंवा काळानिळा पडला आहे, दाबून धरूनही रक्त थांबत नाही: यातलं काहीही असेल तर फोटो काढण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. जखम दिसते त्या मानाने वेदना फारच जास्त असणं हीसुद्धा धोक्याची खूण आहे. त्वचेखालच्या थरांत झपाट्याने पसरणारा जीवघेणा संसर्ग सुरुवातीला वरून जवळजवळ काहीच दाखवत नाही, आणि फक्त वरचं पाहणारं ॲप निर्धास्त उत्तर देऊ शकतं. प्राण्याने चावा घेतला असेल, किंवा जखम खोल टोचलेली, मातीने माखलेली असेल, तर रेबीज आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारायला हवं.

ही ॲप्स नेमकं काय करतात?

फोटोतला एकेक ठिपका तपासून तो जखमेचा की भोवतालच्या त्वचेचा, हे आधी ठरवतात. त्यातून जखमेची सीमारेषा मिळते. मग त्या रेषेच्या आतलं क्षेत्रफळ, लांबी-रुंदी आणि वेगवेगळ्या रंगांच्या ऊतींचं प्रमाण काढलं जातं. दर आठवड्याचे आकडे जोडून आलेख तयार होतो आणि गरज असेल तर तो दूरच्या डॉक्टरांकडे पाठवता येतो.

सीमारेषा ओळखण्याचं हे तंत्र जखमांसाठी जन्मलेलं नाही. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींसारख्या जैववैद्यकीय चित्रांसाठी यू-नेट नावाची रचना मांडली. जखमांच्या बऱ्याच प्रणाली त्याच घराण्यातल्या आहेत. तज्ज्ञांनी हाताने रेषा आखलेले फोटो दाखवून त्यांना शिकवलं जातं. म्हणजे जिथे तज्ज्ञांचंच एकमत होत नाही, तिथे ॲपची रेषाही तितकीच वादाची असते. कडेने आत सरकणारी कोवळी गुलाबी त्वचा जखमेत धरायची की बाहेर, हा असाच एक मुद्दा आहे. चांगल्या ॲपमध्ये ही रेषा बोटाने सरकवता येते. दर वेळी ती डोळ्यांखालून घाला. ॲपने पायाचं नख किंवा टॉवेलची लाल किनार जखमेत मोजली असेल, तर पुढचे सगळे आकडे फुकट जातात.

साध्या पट्टीने मोजता येतंच की. मग ॲप कशाला?

पट्टी वाईट नाही, तिच्यात एक ठरलेली चूक आहे. लांबी गुणिले रुंदी केलं की उत्तर आयताचं येतं, आणि जखम आयताकृती क्वचितच असते. ५ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद लंबगोल जखम घ्या. पट्टीच्या हिशेबाने ती १५ चौरस सेंटीमीटर होते. प्रत्यक्षात तिचं क्षेत्रफळ ११.८ च्या आसपास असतं. म्हणजे २७ टक्के जास्त मोजलं गेलं. वेड्यावाकड्या कडांच्या जखमेत ही तफावत आणखी वाढते.

दुसरी अडचण माणसांची. एक परिचारिका जखमेची सगळ्यात लांब रेघ मोजते, दुसरी डोक्याकडून पायाकडे जाणारी. पाळी बदलली की जखम कागदावर लहान किंवा मोठी होते, आणि त्या खोट्या बदलावरून ड्रेसिंग बदललं जातं. तेच ॲप, तीच पद्धत, शेजारी शेजारी ठेवलेले फोटो, यांनी हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. माझ्या मते या ॲप्सचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि जाहिरातीत मात्र तो कुठेतरी खाली असतो.

खोलीच्या बाबतीत पट्टी आणि निर्जंतुक काडी अजूनही वरचढ आहेत. कडेखाली पसरलेली पोकळी, आत गेलेला बोगदा वरून काढलेल्या फोटोत येतच नाही. वरून नाण्याएवढी दिसणारी कंबरेवरची शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने दाब येऊन होणारी) जखम आत तळहाताएवढी पसरलेली असू शकते. काडीने तपासून, डोक्याची दिशा १२ वाजता धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे 'चार वाजता २ सेंटीमीटर' अशी नोंद आजही हातानेच करावी लागते.

फोटोवरून सेंटीमीटर कसे कळतात?

बहुतेक ॲप्स ठरावीक मापाचं स्टिकर जखमेशेजारी लावायला सांगतात. त्याचा खरा आकार ॲपला माहीत असतो, त्यावरून बाकीचं मोजलं जातं. काही स्टिकरवर रंगांचे चौकोनही असतात, म्हणजे पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोचे रंग दुरुस्त करता येतात. काही फोनमध्ये अंतर मोजणारा लायडार सेन्सर असतो, तिथे स्टिकरशिवायही काम चालतं.

फोन तिरका धरला की माप चुकतं. ३० अंशांनी तिरपा धरलेला कॅमेरा सपाट जखमेचं क्षेत्रफळ १३ टक्के कमी दाखवतो, ॲपने दुरुस्ती केली नाही तर. टाच, नडगी, घोटा अशा गोलाकार जागी सरळ धरूनही काही भाग कॅमेऱ्याच्या नजरेआड वळलेला असतो. पोटरीला वळसा घालणारी मोठी जखम एका फोटोत मोजायचा प्रयत्न करूच नये.

फोटो कसा काढावा म्हणजे आकडे भरवशाचे येतील?

जुनं ड्रेसिंग काढा, डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणाने, बहुधा सलाइनने, जखम धुवा, भोवतालची त्वचा कोरडी टिपा आणि मगच फोटो काढा. न धुतलेल्या जखमेवरचा स्राव आणि मलमाचे थर ॲपला ऊती वाटतात. फ्लॅश शक्यतो बंद ठेवा, कारण ओलसर पृष्ठभागावर पांढरी चमक येते आणि ती स्लफ (जखमेवरचा पिवळट चिकट थर) किंवा नवी त्वचा म्हणून मोजली जाऊ शकते. खिडकीचा उजेड सगळ्यात चांगला.

रुग्णाला दर वेळी त्याच स्थितीत ठेवा. कुशीवर झोपल्यावर कंबरेची जखम ताणली जाते, पालथं झोपल्यावर तिचा आकार बदलतो. मागे एका रंगाचं साधं कापड असावं. चेहरा, गोंदण, मनगटावरची रुग्णालयाची पट्टी चौकटीबाहेर ठेवा. आणि फोन हाताळलेल्या हातमोज्यांनी जखमेला हात लावू नका. फोन हा घरातल्या अस्वच्छ वस्तूंपैकी एक आहे. दोघंजण असतील तर एकाने फक्त फोनच धरावा.

आठवड्यातून एकदा फोटो पुरे. रोज काढलेल्या फोटोतले चढउतार बहुतेक वेळा उजेडाचे आणि कोनाचे असतात, आणि त्यापायी ड्रेसिंग उगाच उघडलं जातं.

लाल, पिवळा, काळा असे टक्के येतात. त्यांचा अर्थ काय?

लाल, ओलसर, बारीक दाणेदार भाग म्हणजे ग्रॅन्युलेशन, भरत येणारी ऊती. पिवळट चिकट थर म्हणजे स्लफ. काळा किंवा गडद तपकिरी कडक भाग म्हणजे मेलेली ऊती. कडेची फिकट गुलाबी पट्टी म्हणजे नवी त्वचा. लाल वाढत जाणं आणि पिवळा-काळा कमी होणं हे साधारणपणे सुचिन्ह.

पण ॲपला रंग दिसतो, ऊती दिसत नाही. पोव्हिडोन आयोडीनचा तपकिरी डाग, चांदीयुक्त ड्रेसिंगने आलेली करडी छटा, भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा साचलेला पिवळट थर, हे सगळं मृत ऊती म्हणून मोजलं जाऊ शकतं. उघडा पडलेला स्नायुबंध पिवळसर पांढरा दिसतो. त्याला स्लफ समजून कुणी खरवडायला गेलं तर कायमचं नुकसान होतं. लाल रंगातही फरक आहे. निरोगी ग्रॅन्युलेशन घट्ट असतं; फिकट किंवा फार गडद, ठिसूळ, हात लागताच रक्त येणारं लाल मांस संसर्गाची शंका घ्यायला लावतं. ॲपच्या यादीत दोन्ही 'लाल'च.

काळा भाग दिसला की तो काढलाच पाहिजे असंही नाही. टाचेवरची कोरडी, घट्ट चिकटलेली खपली, भोवती सूज किंवा लाली नसेल तर, सहसा तशीच ठेवतात. ती नैसर्गिक आच्छादनाचं काम करते. घरी कात्री किंवा चिमट्याने काहीही काढायला जाऊ नका.

ॲप म्हणतं जखम वाढली. घाबरायचं का?

आधी मागच्या आठवड्यात काय झालं ते आठवा. डॉक्टरांनी मेलेला भाग काढून जखम साफ केली असेल, तर ती मोठी दिसणारच. आधी जे झाकलेलं होतं ते उघडं पडलं आहे, आणि भरायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून अशा प्रक्रियेची तारीख ॲपमधल्या नोंदीत जरूर लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी आलेख पाहणारा त्या उंचवट्याचा भलताच अर्थ लावेल.

एका मापावरून निष्कर्ष काढू नका. चार आठवड्यांचा कल पाहा. मधुमेहातल्या पायाच्या जखमांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांच्या जखमेचं क्षेत्रफळ पहिल्या चार आठवड्यांत निम्म्याहून थोडं जास्त घटलं, त्यांच्यातल्या ५८ टक्के जखमा १२ आठवड्यांत भरल्या. ज्यांचं तेवढं घटलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होतं. म्हणून अशा जखमेत चार आठवड्यांत ५० टक्के घट नसेल तर उपचार तेच चालू न ठेवता कारण पुन्हा शोधायचं, अशी रीत पडली आहे. 'हळूहळू भरेल' म्हणत सहा महिने निघून जातात आणि मग पाय वाचवायला उशीर झालेला असतो. ॲपचा आलेख इथे खरोखर पाय वाचवू शकतो, फक्त तो पाहून कुणीतरी डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

संसर्ग झालाय का, हे ॲप सांगू शकतं का?

शंका दाखवू शकतं, निदान करू शकत नाही. संसर्गाच्या खुणांपैकी लाली, सूज आणि पू काही प्रमाणात फोटोत येतात. ऊब, दुखणं, वास आणि ताप येत नाहीत. म्हणून ॲपमध्ये या चार गोष्टी लिहायची जागा असेल तर ती रिकामी सोडू नका.

काही तज्ज्ञांकडे जांभळ्या प्रकाशाचं खास उपकरण असतं. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जखमेवर टाकला की अनेक प्रकारचे जिवाणू लाल चमकतात आणि स्यूडोमोनास नावाचा जिवाणू निळसर हिरवा. साफसफाई कुठे कमी पडली आहे हे पाहायला ते उपयोगी आहे. सगळेच जंतू असे चमकत नाहीत, आणि जंतू असणं म्हणजे संसर्ग असणं नव्हे. जुनाट जखमेत ते थोडेफार असतातच. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने हे होत नाही, कोणतं ॲप तसा दावा करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

मधुमेह असलेल्याच्या पायाला जखम आहे. ॲपवर किती विसंबायचं?

सगळ्यात कमी इथे. मधुमेहात नसा बधिर झालेल्या असू शकतात, त्यामुळे संसर्ग हाडापर्यंत पोहोचला तरी दुखत नाही. रक्तपुरवठा आटलेला असला तर लालीही नीट येत नाही. म्हणजे फोटोत आणि रुग्णाच्या तक्रारीत, दोन्हीकडे शांतता असते.

या पायाची खरी तपासणी हाताने होते. १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने संवेदना तपासतात. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ पेक्षा कमी असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचा संशय येतो. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा चांगलाही येतो, म्हणून कधी कधी अंगठ्यातला दाब पाहतात. सळईसारखं निर्जंतुक साधन जखमेत घालून ते हाडाला लागतं का ते बघतात. यातलं काहीही कॅमेऱ्याला शक्य नाही.

लालीबाबत एक आकडा लक्षात ठेवा. जखमेच्या कडेपासून लाली २ सेंटीमीटरच्या पलीकडे गेली तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो संसर्ग सौम्य राहत नाही. हे अंतर ॲपवर किंवा पट्टीने मोजा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तळपायाची जखम असेल तर पायावरचा भार कमी करण्याबद्दल नक्की विचारा. ड्रेसिंग कितीही महागाचं असलं तरी रुग्ण त्या जखमेवर चालत राहिला तर ती भरत नाही.

गडद त्वचेवर ॲप तितकंच चालतं का?

प्रशिक्षणातले बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतील तर नाही. गडद त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, करडी किंवा भोवतालपेक्षा नुसती जास्त गडद दिसते. पहिल्या टप्प्याच्या शय्याव्रणाची व्याख्याच 'दाबल्यावर न जाणारी लाली' अशी केलेली आहे, त्यामुळे सावळ्या माणसांत तो माणसांकडूनही उशिरा ओळखला जातो आणि एआयने तीच उणीव उचललेली असते. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची १९७५ची श्रेणी अनेक ॲप्स वापरतात, पण ती मुळात प्रकाश-उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी होती, सूज-लाली ओळखण्यासाठी नव्हे.

सावळ्या त्वचेवर हाताच्या पाठीने ऊब पाहा, बोटाने कडकपणा किंवा पिलपिलीतपणा पाहा, आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना करा. ॲप 'ठीक' म्हणत असलं तरी यातलं काही वेगळं जाणवलं तर हातावर विश्वास ठेवा.

चॅटबॉटला जखमेचा फोटो दाखवून विचारलं तर?

मोजमापाचं ॲप आणि गप्पा मारणारा चॅटबॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चॅटबॉटकडे माप नाही, मागचा इतिहास नाही, आणि तो चुकीचं उत्तरही आत्मविश्वासाने लिहितो. प्रश्न थोडा बदलून विचारला की सल्लाही बदलू शकतो. 'हे फार गंभीर नाही ना?' असं विचारलंत तर धीर देणारं उत्तर मिळण्याकडेच कल असतो. डिस्चार्ज कार्डावरचे शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला तो वापरा. निदानाला नको.

ॲपने सुचवलेलं ड्रेसिंग किंवा पट्टा वापरू का?

स्वतःहून नाही. पायावर, घोट्याच्या वर झालेली पाणथळ जखम अशुद्ध रक्त नेणाऱ्या शिरांमधल्या बिघाडामुळे असेल तर घट्ट दाबपट्टा हाच मुख्य उपचार असतो. पण त्याच पायाच्या धमन्या बंद असतील तर तोच पट्टा उरलासुरला रक्तपुरवठा तोडतो. फोटोत दोन्ही जखमा जवळजवळ सारख्या दिसू शकतात. काही जखमा मुळात जखमा नसतात, त्वचेचा कर्करोग असतो, किंवा पायोडर्मा गँग्रिनोसमसारखा दाहाचा आजार असतो, ज्यात खरवडल्याने जखम चिघळते. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या, कडा उंचावलेल्या किंवा सहज रक्त येणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा का, हे डॉक्टरांना विचारा.

'९५ टक्के अचूक' म्हणजे भरवशाचं ना?

कशात अचूक, ते विचारा. समजा १,००० फोटोंपैकी ५० मध्ये संसर्ग आहे. प्रत्येक फोटोला 'संसर्ग नाही' म्हणणारं ॲप ९५ टक्के अचूक ठरेल आणि एकही रुग्ण पकडणार नाही. खऱ्या ५० पैकी किती ओळखले आणि विनाकारण किती जणांना घाबरवलं, हे दोन आकडे वेगवेगळे हवेत. ही चाचणी ज्या रुग्णालयाचे फोटो शिकवायला वापरले तिथेच झाली की दुसरीकडे, हेही बघा. रुग्णालयासाठी ॲप घेणाऱ्यांनी ते वैद्यकीय उपकरण म्हणून आपल्या देशात मान्यताप्राप्त आहे का, आणि मान्यता फक्त मोजण्यासाठी आहे की निदानासाठी, हे लेखी मागावं.

फोटो कुणाकडे जातात?

फोनच्या साध्या गॅलरीत काढलेला फोटो आपोआप क्लाउडवर चढू शकतो, आणि त्यात वेळ व ठिकाणाची माहिती दडलेली असू शकते. कंबरेच्या किंवा जांघेच्या जखमेचा फोटो कुटुंबाच्या सामायिक अल्बममध्ये दिसणं रुग्णासाठी किती अपमानाचं असेल, याचा विचार करा. ॲपच्या आतल्या कॅमेऱ्यानेच फोटो काढा. तो कुठे साठवला जातो, नव्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, मागितल्यावर पुसला जातो का, हे अटींमध्ये वाचा. आणि रुग्णाला विचारा, दर वेळी. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही नाही म्हणायचा हक्क आहे.

जखम बंद झाली. ॲप काढून टाकू का?

थोडं थांबा. वरून बंद झालेली जखम आतून अजून कच्ची असते. भरलेल्या त्वचेची ताकद महिनोन्‌महिने वाढत राहते आणि मूळच्या ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. मधुमेहातल्या पायाच्या जखमा भरल्यानंतर सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा जखम होते. बंद झालेल्या जागेचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि काही महिने दर आठवड्याला त्याच्याशी ताडून पाहा. नवी लाली, फोड, घट्टा किंवा घट्ट्याखाली काळसर डाग दिसला तर लगेच दाखवा. नंतर ॲप काढायचंच असेल तर त्याआधी सगळे फोटो आणि आलेख पीडीएफमध्ये उतरवून रुग्णाच्या फायलीत लावा. पुन्हा जखम झालीच, तर मागच्या वेळी कोणत्या उपायानंतर ती भरायला लागली हे नव्या डॉक्टरांना त्यातून कळेल.